हवामान बदलावर लोकांकडून कल्पना मागवणारी ऑनलाइन स्पर्धा : खानदेशाने नेमका कोणता प्रश्न विचारावा?

तापीकाठ

नमस्कार मंडळी.

आमच्या तालुक्यातील काही शिक्षक, शेतकरी आणि निवृत्त अभियंते मिळून येत्या हिवाळ्यात एक ऑनलाइन स्पर्धा घेण्याच्या विचारात आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कोणालाही तिच्यात भाग घेता येईल, कल्पना लेखी पाठवायच्या, त्यांवर लोकांनी मते द्यायची आणि शेवटी परीक्षकांनी निवड करायची, असे साधारण स्वरूप ठरले आहे. विषय मात्र ‘हवामान बदलावर उपाय सुचवा’ एवढाच ठेवला आहे. तो मला पटलेला नाही, आणि का पटलेला नाही हे मांडून आपले मत घ्यावे म्हणून हा धागा काढतो आहे.

असा प्रयोग जगात आधी मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सामूहिक बुद्धिमत्तेचा अभ्यास करणाऱ्या केंद्राने, टॉमस मलोन यांच्या पुढाकाराने, २००९ मध्ये ‘क्लायमेट कोलॅब’ हा उपक्रम सुरू केला. कोणीही सदस्य व्हावे, प्रस्ताव लिहावा, दुसऱ्याच्या प्रस्तावावर टीका करावी, ती टीका वाचून मूळ लेखकाने प्रस्ताव सुधारावा, अशी त्याची रचना होती. पुढे त्याची सदस्यसंख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांनी सुरुवातीला विचारलेला प्रश्न आपल्या प्रश्नासारखाच अवाढव्य होता : जगातील देशांनी हवामानाबाबत आपसांत कोणता करार करावा? विजेत्यांना संयुक्त राष्ट्रांत आणि अमेरिकी काँग्रेससमोर आपले म्हणणे मांडण्याची संधीही मिळाली. तरीही काही वर्षांतच आयोजकांनी हा एकच मोठा प्रश्न सोडून दिला आणि त्याचे वाहतूक, इमारती, ऊर्जा, शेती, शहरांची उष्णता असे अनेक लहान प्रश्न करून प्रत्येकाची वेगळी स्पर्धा लावली. त्यानंतर त्या लहान उत्तरांना एकत्र गुंफून देशाचा किंवा जगाचा आराखडा तयार करण्याची आणखी वरच्या पातळीवरची स्पर्धा ठेवली, आणि ज्यांचे लहान प्रस्ताव अशा आराखड्यात वापरले गेले त्यांनाही श्रेयाचे गुण दिले. मला या संपूर्ण उपक्रमातील ही रचना सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे दुसऱ्याची कल्पना उचलण्यात कमीपणा राहत नाही आणि आपली कल्पना लपवून ठेवण्यातही फायदा राहत नाही.

मोठा प्रश्न विचारला की उत्तरे कोणती येतील, हे आपल्यापैकी कोणीही आताच लिहून देऊ शकेल. झाडे लावा, प्लास्टिक टाळा, सायकल वापरा. यांत चूक काही नाही, परंतु किती झाडे, कोणत्या जमिनीवर, पाणी कोठून आणि त्यातून किती कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) किती वर्षांत शोषला जाणार, हे कोणी लिहीत नाही. क्लायमेट कोलॅबमध्ये प्रस्तावांचा परिणाम संगणकीय प्रतिमानावर (मॉडेलवर) तपासण्याची सोय होती. तशाच पद्धतीचे ‘एन-रोड्स’ नावाचे प्रतिमान आज कोणालाही विनामूल्य वापरता येते. त्यात वृक्षलागवडीची पट्टी पूर्ण पुढे सरकवली तरी शतकाअखेरच्या तापमानात फारच थोडा फरक पडलेला दिसतो, कारण झाडांना जमीन लागते आणि वाढायला दशके लागतात. एखाद्या शाळेत मुलांसमोर हे करून दाखवावे. त्यांचा विरस होतो, पण पुढचे प्रश्न फार चांगले येतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपण एकच अरुंद प्रश्न निवडावा. माझ्या मनात तीन आहेत. पहिला, कपाशीची शेवटची वेचणी झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, काय करावे. दुसरा, मे महिन्यातील उष्ण वाऱ्यापासून केळीबागा कशा वाचवाव्यात. तिसरा, धाब्याची (मातीच्या छताची) घरे जाऊन त्यांच्या जागी आलेली पत्र्याची आणि स्लॅबची घरे कमी खर्चात थंड कशी ठेवावीत. माझा कल पहिल्याकडे आहे, परंतु आग्रह नाही.

कांदेबाग

तापीकाठ भाऊ, विषय चांगला काढला. मी केळी उत्पादक असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दलच लिहितो.

मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) आणि कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली) यांची लागवडीची वेळ वेगळी असल्यामुळे उन्हाळ्याचा तडाखा त्यांना वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर बसतो. पारा ४५ अंशांकडे गेला आणि त्यात सोसाट्याचा वारा सुटला की पाने फाटतात, निसवलेल्या झाडाचा घड सटकतो, आणि वादळ आलेच तर झाड मधूनच मोडते. यावर उपाय नाहीत असे नाही. कोणी बागेच्या पश्चिमेला शेवरी लावतो, कोणी गजराज गवताची दाट ओळ ठेवतो, कोणी हिरवी जाळी बांधतो, कोणी घडांना पिशव्या घालतो. प्रत्येकाला आपलीच पद्धत उत्तम वाटते. एकाच गावातील, एकाच लागवडीच्या दोन बागा, एक शेवरीची आणि एक जाळीची, त्याच वादळानंतर शेजारी ठेवून किती झाडे पडली याची मोजदाद मात्र आमच्यापैकी कोणी करत नाही.

तेव्हा नव्या कल्पना मागवण्याऐवजी नोंदी मागवल्या तर काय हरकत आहे? ज्याने आपल्या शेतातील दोन पद्धतींची तुलना प्रामाणिकपणे लिहून पाठवली, त्याला बक्षीस द्यावे, मग त्याची पद्धत अयशस्वी ठरली तरी चालेल. हवामान आधारित फळपीक विम्यासाठी महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रे आहेतच. त्या दिवशीचे तापमान आणि वाऱ्याचा वेग तेथून घेता येईल, म्हणजे कोणी ‘फार वारा होता’ एवढेच लिहून सुटणार नाही.

गाळेधारक

कांदेबाग यांच्या मुद्द्याला दुजोरा. फक्त एक शंका आहे. अयशस्वी पद्धतीलाही बक्षीस दिले, तर बक्षिसासाठी मुद्दाम निकामी पद्धती करून पाहणारे निघतील काय?

कांदेबाग

स्वतःच्या बागेचे नुकसान करून तुमचे बक्षीस मिळवणारा केळी उत्पादक मला तरी अजून भेटलेला नाही.

विद्यापीठ_रस्ता

मी अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असताना एका मोठ्या हॅकथॉनमध्ये आमच्या गटाने भाग घेतला होता. नाव लिहीत नाही. पाण्याच्या वापराशी संबंधित उपकरण होते, पारितोषिकही मिळाले, छायाचित्रे छापून आली आणि नंतर ते उपकरण एकाही शेतापर्यंत पोहोचले नाही. आम्हाला नोकऱ्या लागल्या, आयोजकांना पुढच्या वर्षीची तयारी करायची होती. दोष कोणा एकाचा नव्हता. पारितोषिक कल्पनेला होते आणि कल्पना सादर करून झाली होती, त्यामुळे पुढे काही करण्याचे कारण कोणापाशीच उरले नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून एक्सप्राइझ या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा घेणाऱ्या संस्थेची कर्ब-निर्मूलन (हवेतील कर्बवायू काढून टाकण्याची) स्पर्धा पाहावी. मस्क फाउंडेशनने दिलेल्या १० कोटी डॉलरच्या या स्पर्धेची सुरुवात २०२१ मध्ये झाली आणि निकाल २०२५ च्या एप्रिलमध्ये लागला. मधल्या काळात, २०२२ मध्ये, १५ गटांना प्रत्येकी १० लाख डॉलर टप्प्याचे बक्षीस म्हणून देण्यात आले, ते काम पुढे नेण्यासाठी. अंतिम फेरीतील गटांना वर्षाला १,००० टन कर्बवायू प्रत्यक्ष काढून दाखवायचा होता. आपल्याकडच्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेचे सूत्रही काहीसे तसेच होते. २०१६ ते २०१९ या काळात गावांनी उन्हाळ्यातले ४५ दिवस श्रमदान करायचे, आणि गुण मिळायचे ते झालेल्या कामाला. ‘आम्ही असे करू’ या भाषणाला तेथे गुण नव्हते.

आपल्याकडे कोटी डॉलर नाहीत हे मान्य. परंतु बक्षिसाची रक्कम एकदम न देता तीन हप्त्यांत देणे, आणि शेवटचा मोठा हप्ता दुसऱ्या कोणीतरी ती पद्धत आपल्या शेतात वापरल्यावरच देणे, याला जास्तीचा पैसा लागत नाही.

कातळ

एक्सप्राइझचा विषय निघालाच आहे तर त्याचा निकाल खानदेशाच्या दृष्टीने थोडा उलगडून सांगतो, कारण माझा व्यवसाय भूगर्भाशी संबंधित आहे.

पाच कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक ‘माटी कार्बन’ या कंपनीला मिळाले. तिचे मुख्य काम भारतातील लहान शेतकऱ्यांच्या, विशेषतः भातशेतीच्या, जमिनीत होते. पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. काळ्या पाषाणाची, म्हणजे बसॉल्टची, बारीक भुकटी करून शेतात पसरतात. पावसाच्या पाण्यात हवेतील कर्बवायू विरघळून सौम्य आम्ल तयार होते, ते भुकटीतील खनिजांवर काम करते, आणि कर्ब बायकार्बोनेटच्या रूपात पाण्याबरोबर नदीला आणि शेवटी समुद्राला मिळून हजारो वर्षे तेथेच राहतो. शिवाय भुकटीतील कॅल्शियम, मॅग्नेशियम पिकाला मिळते. ही प्रक्रिया निसर्गात चालूच असते. भुकटी केल्यामुळे दगडाचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि तिचा वेग वाढतो.

आता कोणीही म्हणेल की दख्खनच्या पठाराचा मोठा भाग बसॉल्टचा आहे, आपल्याकडे खडीच्या खाणी गावोगाव आहेत, क्रशरची भुकटी ढिगाने पडून असते, मग खानदेशाने हेच करावे. येथेच थांबले पाहिजे. ही प्रक्रिया उष्ण, ओल्या आणि आम्लधर्मी जमिनीत चांगली चालते. आपली काळी कापसाची जमीन मुळातच बसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली, बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी, आणि वर्षातले अनेक महिने कोरडी. त्यामुळे छत्तीसगडच्या भातखाचरात जे घडते ते अमळनेरच्या कपाशीत त्याच प्रमाणात घडेल असे मानता येत नाही. नवापूर आणि अक्कलकुव्याकडील जास्त पावसाच्या भातशेतीत तपासून पाहण्यासारखे आहे, तेही आधी मातीची परीक्षा करून. भुकटी करायला वीज आणि वाहून न्यायला डिझेल लागते, तेवढा कर्ब हिशोबातून वजा करावा लागतो, हे वेगळेच.

जागतिक स्पर्धेतील विजेती कल्पना उचलून आणणे आणि आपल्या जागेसाठी प्रश्न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला म्हणायचे होते. परीक्षक मंडळात मातीचा अभ्यासक नसेल, तर अशी झळाळणारी कल्पना आपल्या स्पर्धेतही पहिली येईल.

पांझराथडी

परीक्षकांचा विषय कातळ यांनी काढला म्हणून एक जुना दाखला. समुद्रावर जहाजाचे रेखांश अचूक काढण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये २०,००० पौंडांचे बक्षीस लावले होते आणि अट अगदी मोजूनमापून दिली होती : चूक अर्ध्या अंशाच्या आत. सर्वांची अपेक्षा होती की एखादा खगोलशास्त्रज्ञ ते जिंकेल. प्रत्यक्षात उत्तर शोधले जॉन हॅरिसन या सुतारकामातून आलेल्या घड्याळजीने. परंतु परीक्षकांत खगोलशास्त्रज्ञांचे वजन होते आणि घड्याळावर त्यांचा विश्वास बसेना, त्यामुळे हॅरिसनला उरलेली रक्कम मिळता मिळता १७७३ साल उजाडले. प्रश्न खुला ठेवायचा आणि परीक्षक एकाच विद्येचे नेमायचे, असे केले की बाहेरच्या माणसाची हीच गत होते.

माझी सूचना अशी की परीक्षकांत निम्मे लोक शेती करणारे किंवा शेतमजुरी करणारे असावेत. आमच्या पांझरा नदीवर फड पद्धती, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्याची सामूहिक वाटणी, शेकडो वर्षे चालली. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला कधी द्यायचे हे लाभधारकच ठरवत, पाटकरी (पाणी सोडणारे) आणि जागले (राखणदार) गावाचेच असत आणि टंचाईच्या वर्षी कमी क्षेत्र भिजवण्याचा निर्णयही सर्वांना बांधील असे. नियम ज्यांनी पाळायचे त्यांनीच ते ठरवायचे, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

शिरपूरचे_नाना

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला मूळ कल्पनाच फारशी पटत नाही, आणि ते स्पष्ट लिहिलेले बरे.

शिरपूर पॅटर्न कोणत्या स्पर्धेतून आला? भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी वर्षानुवर्षे या भागातील खडक आणि गाळाचा अभ्यास केला, नाले रुंद आणि खोल करून ओळीने बंधारे बांधले, आणि त्यामागे स्थानिक पातळीवर पैसा व पाठबळ उभे राहिले. कोणी मतदान केले नाही. उलट, पुढे इतर जिल्ह्यांत खालचा खडक न पाहता सरसकट नाले खोदले गेले तेव्हा भूजलतज्ज्ञांना इशारे द्यावे लागले. म्हणजे लोकप्रियता वाढली तसे ज्ञान पातळ झाले. ऑनलाइन मतदानात दुसरे काय होणार? ज्याचे मित्र जास्त, त्याची कल्पना मोठी.

दुसरे असे की, खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याचा जागतिक कर्बवायूतील वाटा नगण्य आहे. ज्यांनी शंभर-दीडशे वर्षे कोळसा जाळला त्यांना सोडून पऱ्हाटी जाळणाऱ्याला ‘उपाय सुचवा’ म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

तापीकाठ

नाना, दोन्ही मुद्दे वजनदार आहेत.

मतदानाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. क्लायमेट कोलॅबमध्येही लोकांची निवड आणि परीक्षकांची निवड ही दोन स्वतंत्र पारितोषिके होती, आणि लोकांनी मते द्यायच्या आधीच परीक्षकांनी प्रस्ताव गाळून अंतिम फेरीत आणलेले असत. आपल्याकडे तर मी लोकांच्या मताला गुणच ठेवू नयेत असे म्हणेन. लोकांकडून मते न घेता हरकती घ्याव्यात : ही पद्धत माझ्या शेतात का चालणार नाही, हे प्रत्येकाने लिहावे, आणि उत्तम हरकतीलाही बक्षीस असावे. शिरपूरच्या नाल्यांबाबत अशा हरकती वेळेवर आणि एकाच ठिकाणी नोंदल्या गेल्या असत्या, तर नक्कल करणाऱ्यांना त्या वाचायला मिळाल्या असत्या.

न्यायाचा मुद्दाही मान्य. म्हणूनच मला पऱ्हाटीचा प्रश्न शेतकऱ्याच्या फायद्याच्या बाजूने विचारावासा वाटतो. पऱ्हाटी जाळल्याने निघणारा कर्बवायू त्याच हंगामात झाडाने हवेतून घेतलेला असतो, तेव्हा केवळ ‘जाळू नका’ म्हणून हवामानाचे फार भले होत नाही. भले होते ते दोन वाटांनी. एक, तिच्या कांड्या (ब्रिकेट) करून कारखान्याच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी वापरल्या तर. दोन, कमी हवेत जाळून तिचा कोळसा केला आणि तो जमिनीत मिसळला तर, कारण त्या कोळशातील कर्ब दीर्घकाळ मातीत टिकतो. दिल्लीच्या ‘टाकाचार’ने शेतातील काडीकचऱ्याचे असेच रूपांतर करणारे फिरते यंत्र तयार केले आणि २०२१ मध्ये त्याला १० लाख पौंडांचे अर्थशॉट हे पर्यावरणविषयक पारितोषिक मिळाले. अर्थात ते पारितोषिक खुल्या अर्जांवर नसून नामांकनावर दिले जाते, हे येथे नोंदवून ठेवतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने तिसरे कारण याहून निकडीचे आहे. फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेला कापूस) घेतली किंवा पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. पऱ्हाटी वेळेवर हलली पाहिजे, हे त्याला कोणी हवामानाचे नाव घेऊन सांगण्याची गरज नाही.

कातळ

पऱ्हाटीच्या कोळशाबाबत माझी पहिली हरकत आताच नोंदवा. असा कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो, आणि आपली जमीनही तशीच आहे. तो नुसता टाकण्याऐवजी शेणखतात मुरवून टाकावा आणि तुलनेसाठी एक वाफा कोळशाविना ठेवावा.

सातपुडा_पायथा

मी धडगाव तालुक्यात काम करते. आतापर्यंतच्या चर्चेत कापूस आणि केळीच आली, म्हणून थोडे डोंगरातले लिहिते.

साक्री तालुक्यातील बारीपाडा आपल्या सर्वांना माहीत असेल. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी शेकडो हेक्टर जंगल राखले, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली. परंतु या धाग्याशी संबंध आहे तो तेथील वनभाज्यांच्या पाककृती स्पर्धेचा. पावसाळ्यात बाया रानातून भाज्या आणून रांधतात, आणि त्या निमित्ताने कोणती भाजी कोठे उगवते, कोणता भाग खायचा, कशी शिजवायची, हे सर्व ज्ञान एका ठिकाणी मांडले जाते. पाऊस लांबलेल्या वर्षी रानात काय मिळते हे त्या बायांइतके कोणाला माहीत असणार? हीदेखील लोकांकडून ज्ञान गोळा करणारीच स्पर्धा आहे, फक्त तिच्यासाठी कोणाला अर्ज भरावा लागत नाही.

आपली स्पर्धा ऑनलाइन आणि लेखी राहिली तर आमच्या पाड्यांवरून एकही नोंद येणार नाही. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळायला टेकडीवर जावे लागते, आणि पावरी किंवा भिलीत बोलणारी बाई प्रमाण मराठीत चारशे शब्दांचा प्रस्ताव लिहिणार नाही. आवाजाची नोंद चालेल असे ठेवा. पावरी, भिली, मावची, अहिराणी, जी बोली असेल तीत बोलू द्या. लिहून काढण्याचे काम महाविद्यालयांतील मुलांना द्या. आठवडी बाजारात टेबल टाकून बसलात तर उत्तमच.

आणि मालकीचे काय? प्रा. अनिल गुप्ता यांनी सुरू केलेल्या, लोकांकडील ज्ञान आणि युक्त्या नोंदवणाऱ्या हनी बी नेटवर्कचा दंडक मला योग्य वाटतो : ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याचे नाव त्याबरोबर राहिले पाहिजे, आणि ते ज्ञान त्याच्या भाषेत त्याच्याकडे परत गेले पाहिजे. एखादी औषधी वनस्पती किंवा बियाण्याचे ज्ञान असेल तर संमती घेतल्याशिवाय ते सगळ्यांसमोर टाकू नये. कल्पना मागवणाऱ्यांच्या जाहिरातीत बक्षिसाची रक्कम ठळक असते, हा भाग नसतोच.

शिरपूरचे_नाना

ताईंचा प्रतिसाद पटला. आवाजाच्या नोंदींचे काम होणार असेल तर शिरपूर तालुक्यातील बाजारांचे मी पाहीन. मूळ कल्पनेबद्दलचे मत अजून बदललेले नाही.

तापीकाठ

सर्वांच्या सूचना घेऊन प्रश्नाचा मसुदा असा केला आहे :

‘शेवटच्या वेचणीनंतर एक एकरातील पऱ्हाटी फेब्रुवारी संपण्याआधी शेतातून हलवून तिचा उपयोग कसा कराल? मजुरी, यंत्राचे भाडे, लागलेले डिझेल आणि मिळालेले उत्पन्न किंवा खत यांचा हिशोब द्या. बाजूला नेहमीच्या पद्धतीचा एक पट्टा तुलनेसाठी ठेवा. नोंद लेखी किंवा कोणत्याही बोलीत आवाजी चालेल.’

बक्षीस तीन हप्त्यांत राहील. पहिला हप्ता प्रयोग सुरू करण्यासाठी, दुसरा पूर्ण नोंदीसाठी आणि शेवटचा दुसऱ्या शेतकऱ्याने पद्धत उचलल्यावर. हरकतींसाठी वेगळे बक्षीस. परीक्षकांत निम्मे शेतकरी आणि शेतमजूर, शिवाय मातीचा एक अभ्यासक. केळीच्या नोंदींची आणि धडगावकडील वनभाज्यांची स्पर्धा स्वतंत्र राहील. तिन्ही एकत्र केल्या तर पुन्हा तोच अवाढव्य प्रश्न होईल.

गाळेधारक

पऱ्हाटी उपटण्याच्या चिमट्याने आमच्याकडे मुख्यतः बायाच काम करतात. त्यांच्या मजुरीचा खर्च शेतकरी लिहील, परंतु हाताला फोड येतात, उन्हाच्या आधी किती काम उरकते, हे कोण लिहिणार? हिशोबाच्या तक्त्यात ‘काम कोणी केले आणि किती वेळ’ असा रकाना ठेवा.

तापीकाठ

ठेवतो. त्या रकान्यातील माहिती शेतमालकाने न भरता काम करणारीनेच सांगावी, अशी सूचनाही खाली छापतो.

कांदेबाग

माझ्याकडे केळीशिवाय दोन एकर कापूस आहे. एक एकर पऱ्हाटीच्या प्रयोगाला आणि एक तुलनेला देतो. कोळसा करण्यासाठी शंकूच्या आकाराचा खड्डा कसा खणतात, तो किती खोल आणि किती रुंद ठेवावा, हे कोणी प्रत्यक्ष केलेले असेल तर येथे लिहावे. वेचणी संपायच्या आत खणून ठेवावा लागेल, कारण नंतर जमीन इतकी टणक होते की पहारही आत शिरत नाही.